लिली म्हणजे कुठली लिली?

गेल्या महिन्यात आमच्या झाडवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नागपूरच्या मैत्रिणीने फोटो टाकला. वाढदिवसाचा बुके, त्यात टपोरी गुलाबी लिली आणि फुलात नाक खुपसलेली तिची मनी. खाली प्रश्न: "तुझ्याकडे पण लिली आहे ना गं? मांजराला चालते ना?" टाइप करत न बसता मी फोनच लावला. दोन वर्षांच्या गप्पांत तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

माझ्याकडे आहे ती पीस लिली. तिच्या नावात लिली आहे, कुळात नाही. ती अळवाची भावकी. रुंद, चकचकीत पानं थेट मातीतून निघतात, आणि जिला आपण पांढरी पाकळी म्हणतो ते खरं तर एक पानच. मधल्या दाणेदार दांड्यावरचे बारीक दाणे ही तिची फुलं. अळू, सुरण, मनी प्लांट, सगळी याच घराण्यातली, आणि सगळ्यांच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. अळूवडीत चिंच कमी पडली की आपला घसा खाजतो, तेच मांजराचं होतं. पान चावलं की तोंड चुरचुरतं, लाळ गळते, पंजाने तोंड घासणं सुरू होतं, कधी उलटीही होते. आमच्या बोक्याने एकदा चव घेतली. तासभर लाळ गाळत बसला आणि नंतर त्या कुंडीकडे फिरकला नाही.

बुकेतली ती खरी लिली. कंदातून येणारी, सरळसोट दांड्याची, अरुंद पानांची. सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि त्यांच्या टोकांना ती केशरी-तपकिरी पूड, जी कुर्त्याला लागली की धुऊनही जात नाही. मांजराच्या बाबतीत खरी भीती या पुडीची. ती अंगावर पडते, मांजर अंग चाटतं, आणि तेवढंही पुरतं. पान, फूल, कंद, फुलदाणीतलं पाणीसुद्धा विषारी. आधी उलट्या, सुस्ती, खाणं बंद. मधे जरा बरं वाटल्यासारखं दिसतं आणि इथेच माणसं फसतात, कारण एक ते तीन दिवसांत किडन्या निकामी होतात. म्हणून लक्षणांची वाट बघायची नाही, तासाभरात व्हेट गाठायचा. बागेतली डे लिली या लिलीच्या कुळातली नाही, पण मांजरासाठी तितकीच वाईट. कुत्र्यांचं मात्र बहुतेक वेळा पोट बिघडण्यावर निभावतं.

दादरच्या फुलबाजारात पांढऱ्या कळ्यांच्या जुड्या मिळतात, त्यांनाही लिलीच म्हणतात. ती स्पायडर लिली. ती आणि पावसात उगवणारी रेन लिली तिसऱ्याच कुळातल्या. त्या खाल्ल्या तर उलट्या-जुलाब होतात, पण किडनीचं हे प्रकरण त्यांच्यात नाही.

मी फोनवर एवढंच विचारलं, "नाकावर पूड आहे का?" होती. तिने ओल्या फडक्याने तोंड पुसलं, मनीला टोपलीत कोंबलं आणि निघाली. तीन दिवस सलाईन. चौथ्या दिवशी ग्रुपवर फोटो आला: पुढच्या पायावर भादरलेला चौकोन, आणि आमच्यावर रागावल्यासारखी बघणारी मनी.