तीन नंबरचा बावटा आणि सी भाषेतला एनम

कोकणातलं मिरकरवाडा बंदर असो की हर्णै, ‘तीन नंबरचा बावटा लागलाय’ म्हटलं की पुढचं कुणाला समजवावं लागत नाही. बंदरांवरचे इशारे १ ते ११ आहेत. १ आणि २ दूर समुद्रातल्या वादळाचे, ३ आणि ४ बंदरापुरते, ५ ते ७ धोक्याचे, ८ ते १० मोठ्या धोक्याचे. ११ म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला.

समजा, जेटीवरच्या फलकाचा प्रोग्राम सी भाषेत लिहायचा आहे. आकड्यांना नावं देण्यासाठी एनम, म्हणजे नावं दिलेल्या आकड्यांची यादी, सोयीचा. काही सांगितलं नाही तर पहिलं नाव ०, पुढचं प्रत्येक एकाने जास्त. म्हणून पहिल्याला १ दिला की बाकीचे दहा आपोआप रांगेत बसतात. पण चालू बावटा साठवणारा व्हेरिएबल (किंमत ठेवायची जागा) ग्लोबल, म्हणजे सगळ्या प्रोग्रामसाठी खुला असेल, तर तो सुरुवातीला शून्य असतो आणि शून्याला इथे नावच नाही. ‘बावटा नाही’ हे नाव शून्यावर ठेवलेलं बरं.

सी इथे राखण करत नाही. त्या व्हेरिएबलमध्ये ४७ भरला तरी कंपायलर (प्रोग्रामचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा) सहसा हूं की चूं करत नाही. सीवरून बनलेली सी++ भाषा मात्र अडवते. त्यामुळे रेडिओवरून आलेला आकडा ० ते ११ मध्ये आहे का, हे स्वतः तपासावं लागतं.

खरा घोळ उलट्या लूपमध्ये, म्हणजे मोठ्या आकड्यापासून खाली मोजत जाणाऱ्या आवर्तनात. नावांत ऋण किंमत नसेल तर जीसीसी हा कंपायलर एनमसाठी साधारणपणे अनसाइन्ड इंट (ऋण किंमत नसलेला पूर्णांक) घेतो. ११ पासून खाली येत ‘शून्य किंवा जास्त’ अशी अट घातली, तर शून्यानंतर उणे एक येतच नाही, ४२९४९६७२९५ येतो. अट कायम खरी, लूप थांबत नाही, आणि तो आकडा ॲरेचा (किमतींच्या रांगेचा) इंडेक्स, म्हणजे जागेचा क्रमांक असेल तर प्रोग्राम बहुधा तिथेच कोसळतो. मोजणीला साधा इंट घ्या, त्यात ऋण किंमत बसते.

आकारही पक्का नाही. पीसीवर बहुतेक ४ बाइट, पण एआरएम मायक्रोकंट्रोलरच्या (उपकरणात बसवलेल्या छोट्या चिपच्या) जीसीसीत हाच एनम १ बाइटचा. एनम असलेलं स्ट्रक्चर (अनेक रकान्यांची एकत्र नोंद) एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जसंच्या तसं पाठवलं की पलीकडे सगळे रकाने सरकतात. सी२३ या सी भाषेच्या नव्या आवृत्तीत एनमचा मूळ प्रकार ठरवून देता येतो. जुन्या कंपायलरवर पाठवताना आठ बिटी पूर्णांकात बदलून घ्यावं.

यादीच्या मध्येच नवं नाव घुसवलं तर खालचे आकडे बदलतात आणि जुन्या नोंदीतला ४ भलताच इशारा सांगू लागतो. साठवायच्या यादीत प्रत्येक नावापुढे आकडा लिहावाच. स्विचमध्ये (किमतीनुसार वाट निवडणाऱ्या रचनेत) डीफॉल्ट, म्हणजे ‘बाकी सगळ्यांसाठी’ अशी वाट टाकायची सवयही इथे महागात पडते: सुटलेल्या नावाबद्दल जीसीसीचा वॉल (-Wall) पर्याय जी सूचना देतो, ती डीफॉल्ट असला की गप्प होते.