आवडत्या कुर्त्यासारखाच दुसरा, साध्या कापडातून
ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नौपाडा, ठाणे

अंगाला नेमका बसणारा कुर्ता विरला की तसाच दुसरा हवासा वाटतो. त्यासाठी महाग कापड लागत नाही. जांभळी नाक्याच्या बाजारात मीटरवर मिळणारं साधं सुती कापड आणि घरात जपलेली कातरणं पुरतात. खरी मेहनत कात्री लावण्याआधीची आहे.

कापड किती घ्यावं?
४० इंच उंची आणि पूर्ण बाही असेल तर ४४ इंची पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, अडीच मीटर. पाठ आणि पुढा यांना मिळून ८४ इंच लांबी जाते, बाह्या त्यांच्या शेजारी उरलेल्या कापडातून निघतात. ३६ इंची पन्ह्यात बाह्यांना बाजूला जागा उरत नाही, म्हणून तीन मीटर घ्या.

आधी भिजवा
सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा ३ ते ५ आटतं, म्हणजे ४० इंचांचा कुर्ता दोन इंचांपर्यंत आखूड होऊ शकतो. मांजरपाटात खळही असते. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी चोळून खळ काढा, पिळू नका. किंचित दमट असताना इस्त्री करा, मग पूर्ण सुकू द्या. पावसाळ्यात आपल्याकडे कापड वरून सुकल्यासारखं वाटतं, पण घडीत ओल राहते. दोन दिवस पंख्याखाली ठेवा. ओलसर कापड कात्रीखाली ओढलं जातं आणि दोन्ही बाह्या सारख्या निघत नाहीत.

कातरणं कुठे लावायची?
तुकडा उजेडासमोर धरा. विरलेला दिसला तर तो फक्त खिशाच्या आतल्या अस्तराला. काखेतला चौबगला, म्हणजे तिथे जोडायचा चौकोनी तुकडा, हात वर केला की सगळा ताण घेतो, तिथे चार इंची, अंगाच्या कापडाइतकाच जाड आणि मजबूत तुकडा हवा. जाड कापडाला पातळ ठिगळ जोडलं की टिपेच्या कडेने फाटतं.

गळ्याला मात्र उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरकी कापलेली, पट्टीच लावा. सरळ धाग्यावर कापलेली पट्टी गोलाईत वळत नाही, चुण्या पडतात. १० इंची चौकोनी तुकडा कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरका कापून सव्वा इंच रुंदीच्या तीन पट्ट्या काढा. जोडल्यावर २४ इंच घेराचा गळा आरामात होतो. गळा कापल्याबरोबर कडेपासून पाव इंचावर साधी टीप मारून घ्या, नाहीतर हाताळताना तो ओढून सैल होतो आणि पट्टी कितीही नीट लावली तरी उभा राहतो. पट्टी लावल्यावर गोलाईत अर्ध्या अर्ध्या इंचावर कातरे द्या, पण टिपेपर्यंत जाऊ नका.

रंगीत कातरण, विशेषतः लाल आणि गडद निळं, आधी तपासा: पांढरा ओला रुमाल त्यावर घासा. रंग आला तर तो तुकडा फिक्या कुर्त्याला वापरू नका. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं सर्रास सांगतात, तसं होत नाही.

जुन्या साडीचा जरीचा काठ बाहीला फार देखणा दिसतो. तो सुताबरोबर आटत नाही, शिवाय मशीनमध्ये धुणंही त्याला मानवत नाही. म्हणून हाताने धावदोरा घालून लावा, म्हणजे धुण्याआधी उसवता येतो.

मापं
जुना कुर्ता सपाट पसरून मापं घ्या. कोपरापाशी ताणलेली बाही मापाला धरू नका. होजिअरीचा कुर्ता नमुन्याला चालणार नाही. ते कापड ताणतं, सुती ताणत नाही, छातीत घट्ट होईल. शिवणीला अर्धा इंच आणि कडेला एक इंच माया, म्हणजे जादा कापड, सोडा, पुढे सैल करायची वेळ आली तर उपयोगी पडते. मध्यम सुतीला १४ नंबरची सुई, पातळ मलमलला ११ नंबरची. जाड सुई पातळ कापडात भोकं पाडते.

आमच्याकडे येताना धुऊन सुकवलेलं कापड, जुना कुर्ता आणि कातरणं आणा. कातरणं कापडी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये पावसाळ्यात बुरशीचे ठिपके धरतात आणि ते निघत नाहीत.