तीर्थनच्या पाण्यात ट्राउट गरवायला येताना: आमच्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. तुम्ही आमच्याबरोबर हिमाचलमधल्या तीर्थन खोऱ्यात यायचं नक्की केलंय. आता बॅग भरायच्या आधी हे पत्रक एकदा निवांत वाचा, आणि बरोबर येणाऱ्या घरच्यांनाही वाचायला द्या. फोनवर बहुतेकांचे प्रश्न सारखेच असतात: काठी आणायची का, मासा नक्की मिळेल का, मिळाला तर खायचा का. या सगळ्यांची उत्तरं पुढे आहेत. पण सुरुवात दोरीपासून करतो, कारण ती समजली की बाकीचं समजायला सोपं जातं.

कोकणात किंवा गोव्यात तुम्ही कधी गरवायला बसला असाल, तर गरीला कोळंबी किंवा गांडूळ लावायचं, वर शिसं बांधायचं आणि भिरकावायचं, हे तुम्हाला ठाऊक असेल. तिथे शिसं पुढे जातं आणि दोरीला ओढून नेतं. आपण तीर्थनला करतो त्या फ्लाय फिशिंगमध्ये शिसंही नाही आणि खरं आमिषही नाही. गळाला पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते. तिचं वजन जवळजवळ काहीच नसतं, त्यामुळे ती फेकून लांब जाणारच नाही. म्हणून इथे दोरीच जाड आणि वजनदार असते. तुम्ही फेकता ती दोरी, माशी नुसती तिच्या मागोमाग जाते. एवढं हाताला पटलं की अर्धं काम झालं.

जाड दोरीच्या टोकाला साधारण नऊ फुटांचा, निमुळता होत गेलेला लीडर नावाचा दोरा असतो आणि त्याच्या शेवटी टिपेट, म्हणजे माशी बांधायचा सगळ्यात बारीक दोरा. आपण वापरतो ते टिपेट ०.१५ मिलिमीटरच्या आसपास जाडीचं असतं. ते इतकं बारीक ठेवावं लागतं, कारण तीर्थनचं पाणी आरशासारखं असतं आणि ट्राउटची नजर तिखट.

पहिल्या दिवशी सकाळी आपण पाण्यात उतरत नाही. गवतावर उभं राहून, गळ न लावता, नुसती लोकर बांधून दोरी फेकायचा सराव करतो. काठी घड्याळाच्या काट्यासारखी दहा आणि दोन यांच्यामध्ये फिरवायची. मागे नेली की थांबायचं. दोरी मागे पूर्ण सरळ होऊ द्यायची, मगच पुढे आणायची. ज्यांनी आयुष्यभर क्रिकेट खेळलंय त्यांना हे थांबणं सगळ्यात जड जातं, कारण खांद्यातून जोर काढायची सवय असते. मागे चाबकासारखा फट् आवाज आला तर समजा, घाई झाली. लोकरीऐवजी गळाची माशी लावलेली असती तर ती तुटून मागच्या झाडीत गेली असती. चार-पाच तासांत बहुतेकांचा हात बसतो. दहा-बारा मीटरपर्यंत दोरी नीट पडली की तीर्थनसाठी ते पुष्कळ आहे. लांब फेकण्याचा हट्ट इथे कामाचा नाही.

पाणी कसं वाचायचं

आमच्या मते या सगळ्या खेळाचं मर्म इथे आहे. काठी महाग असो की साधी, पाणी वाचता आलं नाही तर दिवसभर रिकाम्या पाण्यात दोरी मारत बसाल.

ट्राउट नेहमी पाणी येतं त्या दिशेला, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला तोंड करून उभा असतो. खाणं वरून वाहत येतं, आणि त्याला ते कमीत कमी कष्टात हवं असतं. वेगवान धारेत पोहत राहिला तर मिळालेल्या घासापेक्षा जास्त ताकद खर्च होईल. म्हणून तो संथ पाण्यात थांबतो, पण वेगवान धारेला अगदी लागून. धार घास आणून देते, तो पटकन बाजूला सरकून उचलतो आणि परत आपल्या जागी येतो. हे एकदा डोक्यात बसलं की नदी वेगळीच दिसायला लागते. मोठ्या धोंड्यामागचं शांत पाणी, त्याच धोंड्यापुढची छोटीशी उशी, खळखळाट संपून डोह सुरू होतो ती पायरी, डोहाचं उथळ होत जाणारं शेपूट, काठाच्या मुळांखालची सावली. आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे संथ आणि वेगवान पाणी एकमेकांना घासतं ती रेघ. बहुतेक वेळा तिच्यावरून फेसाचे बुडबुडे ओळीने चाललेले असतात. फेस जातो त्याच वाटेने मेलेले किडेही जातात, म्हणून आपली माशीही तिथेच पडायला हवी.

माशी पाण्यावर पडल्यावर पाण्याच्याच वेगाने वाहिली पाहिजे. मधली वेगवान धार दोरीला ओढायला लागली की माशी पाण्यावर रेघ काढत घसरते, आणि ट्राउट तिच्याकडे बघतही नाही. खरा किडा असा घसरत नाही, हे त्याला पक्कं माहीत असतं. म्हणून दोरी पडल्या पडल्या काठीच्या टोकाने तिचं पोट उचलून धारेच्या वरच्या अंगाला टाकायचं. हे तुम्हाला आम्ही पाण्यात शेजारी उभं राहून शिकवू, कागदावर ते समजत नाही.

दुसऱ्या दिवशी आपण नदीतला एक गोटा उचलून उलटा करतो. गुडघाभर पाण्यातला, नारळाएवढा. त्याच्या खालच्या ओल्या अंगावर आधी काहीच दिसत नाही. अर्धा मिनिट थांबलात की मग हालचाल दिसते. चपट्या अंगाचा, मागे केसासारख्या शेपट्या असलेला एक किडा गोट्याला चिकटून सरपटत सावलीकडे जातो. ती मेफ्लायची अळी. बाजूला वाळूचे कण एकाला एक चिकटवून केलेली, नखाएवढी नळी दिसेल. नळीच्या तोंडातून सहा बारीक पाय बाहेर येतात आणि पुन्हा आत जातात. ती कॅडिसची अळी, स्वतःचं घर पाठीवर घेऊन फिरणारी. नळीतला एकेक कण बोटाने मोजता येईल इतका सुबक बसवलेला असतो. हे किडे घाण पाण्यात तगत नाहीत. गोट्याखाली ते सापडले की पाण्याचा दाखला मिळाला. आणि आज डबीतली कुठली माशी बांधायची, हेही तो गोटाच सांगतो. पाहून झालं की गोटा होता तसाच, त्याच जागी ठेवायचा.

ट्राउटचं बहुतेक खाणं पाण्याखालीच होतं, म्हणून आपण जास्त वेळ बुडणारी माशी वापरतो. फेझंट टेल आणि हेअर्स इअर हे आमचे रोजचे नमुने. संध्याकाळी ऊन डोंगरामागे गेलं की कधी कधी पंख फुटलेले कॅडिस पाण्यावर नाचायला लागतात आणि डोहात मासे टपटप वर येतात. तेव्हा तरंगणारी माशी बांधायची. तो अर्धा तास ज्याने पाहिला, तो दुसऱ्या वर्षी फोन करतोच.

गळाला पिसं गुंडाळायची ही कल्पना फार जुनी आहे. मॅसेडोनियातले लोक लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं गळाला बांधून ठिपक्यांचे मासे धरतात, असं सुमारे १,८०० वर्षांपूर्वी एका रोमन लेखकाने लिहून ठेवलंय.

हा मासा इथे आला कुठून

तीर्थनमधला ब्राउन ट्राउट मूळचा इथला नाही. इंग्रजांच्या काळात, १९०० साली, स्कॉटलंडहून बर्फात ठेवलेली अंडी काश्मीरला आणून वाढवण्यात आली. काश्मीरहून १९०९ मध्ये तो कुलू खोऱ्यात आला. इंद्रधनुषी पट्ट्याचा रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडचा. कुलूजवळच्या पतलीकुहलला नॉर्वेच्या मदतीने त्याची शेती उभी राहिली, आणि आज खोऱ्यातल्या कित्येक घरांची ट्राउटची टाकी आहे. ओळखायची खूण सोपी: ब्राउनच्या अंगावर काळ्या ठिपक्यांबरोबर लाल ठिपके असतात आणि त्यांभोवती फिकट कडं असतं. रेनबोच्या कुशीवरून गुलाबी पट्टा जातो आणि शेपटीवरही ठिपके असतात.

या नद्यांचा खरा रहिवासी म्हणजे असेला, ज्याला स्नो ट्राउट म्हणतात. त्याचा ट्राउटशी नात्याने काही संबंध नाही, तो आपल्या रोहूच्या कुळातला. बाहेरून आलेल्या ब्राउन ट्राउटमुळे त्याला खाण्यात आणि जागेत वाटेकरी आला, हे आम्ही पाहुण्यांपासून लपवत नाही. असेला गळाला लागला तर त्याला ट्राउटपेक्षाही जपून सोडायचं.

आपल्या सह्याद्रीत ट्राउट का नाही, असं नेहमी विचारतात. त्याला थंड पाणी लागतं. पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि ट्राउट धापा टाकायला लागतो. दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या उंचीवर तो रुजला, आपल्या नद्यांत ते शक्य नाही. पण आपल्या नद्यांचा मानकरी वेगळा आहे: खडस, म्हणजे दख्खनचा महसीर. त्याची पहिली शास्त्रीय नोंद १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून झाली. आज त्याच नदीच्या काठाने कामाला जाताना आम्हाला ते आठवतं आणि वाईट वाटतं.

मासा सोडायचा

आमच्या सहलीत नदीतला मासा मारत नाहीत. हा आमचा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. महाडजवळ वाळण कोंडीच्या डोहात लोक देवाचे म्हणून मासे राखतात, कुणी त्यांना हात लावत नाही. त्या डोहाच्या काठी लहानपणी उभं राहिलेल्या माणसाला आमचा नियम समजावून सांगावा लागत नाही. रात्री ताटात ट्राउट हवा असेल तर गावातल्या टाकीतला ताजा रेनबो मिळतो. मोहरीच्या तेलात, हळद-मीठ लावून तळलेला. पोट भरेल आणि गावातल्या घराला दोन पैसेही मिळतील.

सोडण्याची एक रीत आहे. गळाची उलटी अणी आम्ही आधीच दाबून टाकलेली असते, त्यामुळे तो सहज निघतो. माशाला हात लावण्याआधी हात ओले करायचे. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगापासून वाचवतो, कोरड्या हाताने तो निघून जातो. पोट दाबायचं नाही, कल्ल्यांत बोट घालायचं नाही. फोटो हवा असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवा, मासा पाण्यातच असू द्या आणि एका श्वासापुरता वर उचला. मग त्याचं तोंड धारेकडे करून हातांवर नुसता आधार द्यायचा. कल्ले नीट हलायला लागले की शेपटीचा एक फटका मारून तो स्वतःच जातो. तो फटका तळहाताला दिवसभर आठवतो.

सुरुवातीच्या वर्षांत आमच्या हातून एक चूक झाली. एका पाहुण्याला पहिलाच मोठा ब्राउन मिळाला, सगळे आनंदात होते, आणि आम्ही फोटोसाठी त्याला पुन्हा पुन्हा वर उचलू दिलं. सोडल्यावर तो दोन हात गेला आणि पोट वर करून तरंगत खाली आला. अर्धा तास धारेत धरून बसलो, पण तो गेला. त्यानंतर आम्ही जाळीही मऊ रबराची घेतली आणि उचलण्याचा नियम कडक केला. तेव्हा आमचा माणूस ‘आता पुरे’ म्हणाला तर राग मानू नका.

परवाना, हंगाम आणि पाणी

हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना प्रत्येकाला लागतो. तो आम्ही काढतो, तुम्ही ओळखपत्राची प्रत पाठवा. नदीवर असताना परवाना खिशात हवा, तपासणी होते. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण थंडीत ब्राउन ट्राउट वाळू-खड्यांत खळगे करून अंडी घालतो. या काळात कुणी कितीही आग्रह केला तरी आम्ही सहल नेत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये पाणी स्वच्छ आणि बर्फासारखं थंड असतं. मे-जूनमध्ये वरचा बर्फ वितळून नदी दुधाळ आणि जोरात वाहते, पावसाळ्यात ती गढूळ आणि धोक्याची होते. सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर आमच्या सगळ्यात आवडीचा: पाणी ओसरलेलं, निवळ, आणि काठावर लाल पडत चाललेली पानं. मासा मिळेलच, असं आम्ही कधीच म्हणत नाही. तीन दिवसांत एकही न लागलेले पाहुणे आमच्याकडे आहेत.

तीर्थन मोकळी वाहते याला कारण आहे. ही नदी आणि सैंज लारजीजवळ बियासला मिळतात, तिथे बियासवर धरण आहे. तीर्थनवर मात्र जलविद्युत प्रकल्प होऊ नयेत म्हणून खोऱ्यातल्या लोकांनी कोर्टापर्यंत लढा दिला आणि नदी वाचवली. तिच्या उगमाकडचा भाग ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात येतो, आणि २०१४ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. उद्यानात आपण एक दिवस नुसतं चालायला जातो, काठ्या मुक्कामावर ठेवून.

आता सुरक्षेचं. निवळ पाणी दिसतं त्यापेक्षा खोल असतं. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, आणि टेकायला दिलेली काठी सोडायची नाही. नदी अचानक गढूळ झाली किंवा काटक्या-पानं वाहून यायला लागली, तर मासा गळाला असला तरी सोडून लगेच काठ गाठायचा. वर कुठेतरी पाऊस झालेला असतो आणि पाणी मिनिटांत चढतं. पाय घसरून पडलात तर उभं राहायची धडपड करू नका. उताणं व्हा, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेला ठेवा आणि काठाकडे सरका. टोपी आणि गॉगल दिवसभर घालायचे. गॉगल उन्हासाठी आहेच, पण मुख्य म्हणजे मागून येणाऱ्या गळापासून डोळे वाचवायला. पोलरॉइड काच असेल तर पाण्याखालचा मासाही दिसतो.

काय आणायचं, कसं यायचं

काठ्या, रिळं, माश्या, वेडर (पाण्यात उतरताना घालायची जलरोधक विजार) सगळं आमचं. लहान मुलांसाठी आणि ज्यांचा खांदा दुखतो त्यांच्यासाठी जपानी टेनकारा काठी आहे, तिला रीळच नसतं. तुम्ही लोकरीचे मोजे, थर्मल, पावसाचं जाकीट आणि मातकट किंवा हिरवट रंगाचे कपडे आणा. पांढरा आणि भडक पिवळा नको, मासा काठावरची हालचाल लगेच टिपतो.

पुण्या-मुंबईहून विमानाने किंवा रेल्वेने दिल्ली किंवा चंदीगड, तिथून रात्रीची मनालीची बस. बोगद्याच्या अलीकडे औटला उतरायचं. मनालीपर्यंतचं तिकीट काढलंत तरी कंडक्टरला आधीच सांगून ठेवा, पहाटे सगळे झोपेत असतात. औटला आमची गाडी असेल. तिथून लारजी, बंजार करत गुशैणी. रस्ता वळणांचा आहे, ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी जवळ ठेवावी.

मधुमेह, रक्तदाब किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर नोंदणी करतानाच सांगा, त्याप्रमाणे काठाची सोपी जागा निवडता येते. आणि बुटाचा नंबर निघण्याच्या दहा दिवस आधी नक्की कळवा. फेल्टच्या तळव्याचे बूट इथूनच बरोबर न्यावे लागतात, गुशैणीत ते मिळत नाहीत.