पांढरा चेंडू थांबेपर्यंत

पूल म्हणजे बिलियर्ड्ससारखा, कापड लावलेल्या टेबलावर काठीने पांढरा चेंडू मारून बाकीचे चेंडू भोकांत घालण्याचा खेळ. त्यातल्या स्पीड पूल या प्रकाराचा नियम एका वाक्यात सांगता येतो: ब्रेक करायचा, म्हणजे पहिल्या फटक्याने रचलेले चेंडू फोडायचे, आणि टेबलावरचे पंधराही चेंडू, कोणत्याही क्रमाने, शक्य तितक्या लवकर पॉकेटमध्ये, म्हणजे टेबलाच्या कडेच्या भोकांत, घालायचे. समोर प्रतिस्पर्धी नसतो, फक्त घड्याळ असते. जवळच्या एका बारमध्ये अशी स्पर्धा भरली तेव्हा मी हौसेने नाव दिले. तिथे दोन अटी होत्या. पांढरा चेंडू, म्हणजे क्यू बॉल, पूर्ण थांबल्याशिवाय पुढचा फटका मारायचा नाही, आणि प्रत्येक फाउलला दहा सेकंदांचा दंड. पहिल्या फेरीत मला ३ मिनिटे १२ सेकंद लागले, त्यातले वीस सेकंद दंडाचे होते. माझा समज असा होता की मी विजेसारखा खेळलो.

एका मित्राने त्या फेरीचे मोबाइलवर चित्रण केले होते. दुसऱ्या फेरीला अवकाश होता, म्हणून मी कोपऱ्यात बसून ते पुढे-मागे करत वेळेचा हिशेब मांडला. दंड वगळता १७२ सेकंद आणि ब्रेक धरून २२ फटके. त्यांपैकी ६१ सेकंद पांढरा चेंडू थांबण्याची वाट पाहण्यात गेले होते, आणि तो थांबल्यानंतरही टेबलाभोवती चालण्यात व वाकण्यात ६६ सेकंद गेले होते. वाकून नेम धरण्यात मात्र ३८ सेकंदच गेले होते, म्हणजे फटक्यामागे पावणेदोन सेकंदही नाहीत. फटका मारल्यापासून पांढरा चेंडू दुसऱ्या चेंडूला भिडेपर्यंतचा काळ सगळा मिळून सात सेकंद. मी घाई केली होती ती नेम धरण्यात, जिथे वाचवण्यासारखा वेळ मुळातच थोडा होता. आणि जिथे दोन मिनिटांहून अधिक वेळ सांडत होता तिकडे माझे लक्षही नव्हते.

पांढरा चेंडू थांबायला इतका वेळ का घेतो, हे समजून घेतल्याशिवाय या खेळाचे कोडे सुटत नाही. पूलचा चेंडू ५७ मिलिमीटर व्यासाचा आणि सुमारे १६५ ग्रॅम वजनाचा असतो. तो कठीण फिनॉलिक रेझिनचा बनवलेला असल्यामुळे कापडावर टेकताना जवळजवळ दबत नाही. म्हणून गडगडताना त्याला होणारा रोध फारच कमी असतो, त्याच्या वजनाच्या साधारण एक शतांश. याचा अर्थ असा की गडगडणाऱ्या चेंडूचा वेग दर सेकंदाला सेकंदामागे जेमतेम दहा सेंटिमीटरने घटतो. सेकंदाला एक मीटर हा वेग पाहणाऱ्याला संथ वाटतो, पण त्या वेगाने निघालेला चेंडू वाटेत काही आडवे आले नाही तर थांबायला दहा सेकंद घेईल आणि पाच मीटर जाईल. कुशनवर, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवर, आपटून वेग बराच मरतो म्हणून प्रत्यक्षात इतका वेळ लागत नाही. बारमधल्या टेबलांचे जाडसर, लवदार कापडही त्याला थोडे लवकर थांबवते. तरीही मूळ गणित बदलत नाही: टक्कर झाल्यावर पांढऱ्या चेंडूकडे जेवढा वेग उरतो, त्या प्रमाणात खेळाडूला ताटकळत उभे राहावे लागते.

आता एका विक्रमाकडे पाहू. ब्रिटनचे डेव्ह पिअर्सन यांनी १९९७ मध्ये कॅनडातील ऑंटेरिओ प्रांतातल्या विंडसर शहरी, एका बारमध्येच, पंधरा चेंडूंचे टेबल २६.५ सेकंदांत साफ केले. एका चेंडूमागे ही सरासरी १.८ सेकंदांपेक्षाही कमी भरते. ब्रेकमध्ये काही चेंडू आपसूक जातात आणि एका फटक्यात कधी दोनही जातात, हे धरले तरी इतक्या वेळात वाकणे, मारणे आणि पुढच्या जागी जाणे उरकायचे असेल तर पांढऱ्या चेंडूला टेबलभर हिंडू देणे परवडणारे नाही. वरच्या हिशेबाने, दीड सेकंदात थांबायचे असेल तर टक्करीनंतर त्याचा वेग सेकंदाला पंधरा सेंटिमीटरच्या आसपास हवा, आणि एवढ्या वेगात तो वीतभरही सरकत नाही.

पांढऱ्या चेंडूला जागच्या जागी थांबवणारा फटका असतो. खेळाडू त्याला स्टॉप शॉट म्हणतात. सारख्या वजनाचे दोन चेंडू सरळ रेषेत आदळले तर पहिला आपला जवळजवळ सगळा वेग दुसऱ्याला देऊन थबकतो, हे शाळेच्या पुस्तकात असते. टेबलावर मात्र नवख्याचा पांढरा चेंडू थबकत नाही; क्षणभर थांबल्यासारखा होतो आणि पुन्हा पुढे चालू लागतो. कारण आदळण्याआधी तो नुसता पुढे जात नसतो, गडगडतही असतो. टक्कर त्याची पुढची गती काढून घेते, पण गिरकी काढून घेत नाही, कारण दोन गुळगुळीत चेंडूंमध्ये घर्षण अगदी थोडे असते आणि त्यांचा स्पर्श एका मिलिसेकंदाच्या काही अंशापुरताच टिकतो. उरलेली गिरकी कापडाला पकड घालते आणि चेंडूला पुन्हा पुढे ढकलते. गणित केले तर त्याला आधीच्या वेगाच्या दोन सप्तमांश वेग परत मिळतो. पहिल्या फेरीतला माझा एक फाउल असाच झाला: पॉकेटच्या तोंडाशी असलेला चेंडू मी दूरवरून सरळ मारला, तो गेला, आणि त्याच्यामागे पांढराही निमूटपणे आत गेला. तो खालच्या वाटेने गडगडत परत बाहेर येईपर्यंत दंडाव्यतिरिक्त आणखी काही सेकंद गेले, आणि तेवढा वेळ मी टेबलाच्या पोटातला खडखडाट ऐकत उभा होतो.

म्हणून स्टॉप शॉटसाठी पांढरा चेंडू टक्करीच्या क्षणी गिरकीशिवाय, नुसता घसरत असावा लागतो. चेंडूला बरोबर मध्यावर मारले की तो सुरुवातीला घसरतच निघतो, पण कापडाचे घर्षण त्याला लगेच फिरवायला लागते. सेकंदाला दोन मीटर वेगाने मारलेला चेंडू साधारण अर्ध्या मीटरमध्ये, एक तृतीयांश सेकंदाच्या आत, पूर्ण गडगडू लागतो आणि तोवर त्याचा वेग पाच सप्तमांश होतो. अंतर जास्त असेल तर मध्याच्या खाली मारून त्याला उलटी गिरकी द्यायची; वाटेत घर्षण ती खात जाते, आणि आदळण्याच्या वेळी ती नेमकी शून्यावर आलेली असावी. जितके अंतर अधिक तितके खाली मारायचे. चेंडूची ही घसरण आणि गिरकी गणितात बसवणारा ग्रंथ फ्रेंच गणितज्ञ कोरिऑलिस यांनी १८३५ सालीच लिहिला होता. फिरत्या पृथ्वीवरच्या वाऱ्यांच्या वळणाशी ज्यांचे नाव जोडले जाते, तेच हे गृहस्थ.

फटका तिरका असेल तर थांबवण्याची सोय राहत नाही. गिरकी नसलेला पांढरा चेंडू तिरक्या टक्करीनंतर समोरच्या चेंडूच्या वाटेशी काटकोन करून निघतो, आणि कोन जितका मोठा तितका जास्त वेग स्वतःकडे राखतो. समोरचा चेंडू तीस अंशांनी वळवायचा असेल तर पांढऱ्याकडे मूळ वेगाचा निम्मा भाग उरतो. सेकंदाला दोन मीटरने मारला असेल तर एक मीटर उरला, म्हणजे एखादे कुशन धरूनही पाच-सहा सेकंदांची प्रतीक्षा. नेहमीच्या खेळात असा तिरका फटका उपयोगी ठरतो, कारण त्यातूनच पुढच्या चेंडूकडे जाण्याचा वेग मिळतो. घड्याळाशी खेळताना तो महाग पडतो. इथे सरळ, जवळचा आणि हळू मारलेला फटका सोन्यासारखा असतो.

हळू मारण्यालाही एक खोच आहे. चेंडूंमधले घर्षण थोडे असले तरी शून्य नसते, आणि तिरक्या फटक्यात पांढरा चेंडू समोरच्याला किंचित स्वतःबरोबर ओढतो. फटका हळू असेल आणि चेंडू मळलेले असतील तर ही ओढ काही अंशांपर्यंत जाते. बारमधले चेंडू हाताळून, काठीच्या टोकाला लावायच्या खडूच्या भुकटीने आणि सांडलेल्या पेयांनी चांगलेच मळलेले असतात. माझे दोन तिरके फटके पॉकेटच्या एकाच बाजूला लागून परत आले, त्याचे खापर मी काही अंशी या मळावर फोडतो; उरलेले माझ्यावर आहेच.

जवळच्या फटक्याचा दुसरा फायदा अचूकतेचा आहे, आणि तो मला वेळेच्या फायद्याहून मोठा वाटतो. समोरचा चेंडू कोपऱ्यातल्या पॉकेटपासून एक मीटरवर आहे असे समजा. पॉकेटचे तोंड साधारण साडेअकरा सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे चेंडूची दिशा दोन्हीकडे दीड अंशाने चुकली तरी तो आत जातो. ही सूट खेळाडूच्या काठीपर्यंत पोहोचते तेव्हा मात्र फार आक्रसलेली असते. पांढऱ्या चेंडूची दिशा किंचित चुकली की तो समोरच्या चेंडूला थोडा बाजूला भिडतो, आणि ही चूक दोन चेंडूंमधल्या अंतराला चेंडूच्या व्यासाने भागून येईल त्या पटीने मोठी होते. साठ सेंटिमीटर अंतरावर ती जवळजवळ दसपट होते. म्हणजे काठीच्या दिशेत एक अंशाचा जेमतेम सहावा भाग एवढीच चूक खपते. पंधरा सेंटिमीटरच्या झोक्यात काठीचे टोक अर्धा मिलिमीटर जरी वाकडे गेले तरी फटका फुकट. हेच अंतर निम्मे केले की सूट दुप्पट होते. पांढरा चेंडू पुढच्या चेंडूजवळ थांबवणारा खेळाडू अशा रीतीने चालणे, वाट पाहणे आणि चुकणे या तिन्ही खर्चांत एकदमच बचत करतो.

काठी पुढे निघाली की अर्ध्या मिलिमीटरची चूक दुरुस्त करायला वेळ नसतो. माणसाला डोळ्यांनी पाहून हालचाल सुधारायला सेकंदाचा निदान पाचवा भाग लागतो; काठीचा पुढचा झोका तेवढ्यात आटोपत आलेला असतो आणि टोकाचा चेंडूशी स्पर्श तर एक-दोन मिलिसेकंदांचा असतो. म्हणून जे काही ठरवायचे ते झोक्याआधी ठरवावे लागते. खेळांच्या मानसशास्त्रात या अवस्थेचा अभ्यास झाला आहे. हालचाल सुरू होण्यापूर्वी लक्ष्यावर स्थिरावणाऱ्या शेवटच्या नजरेला कॅनडातील संशोधक जोन विकर्स यांनी ‘शांत नजर’ या अर्थाचे नाव दिले. विल्यम्स, सिंगर आणि फ्रेलिक या संशोधकांनी २००२ मध्ये बिलियर्ड्सच्या खेळाडूंवर प्रयोग केले, तेव्हा कुशल खेळाडूंची ही नजर नवख्यांपेक्षा जास्त वेळ स्थिर राहते आणि फटका अवघड असेल तसा तिचा काळ वाढतो, असे आढळले. त्यांनी वेळेचा ताण आणून पाहिला, तेव्हा नजर स्थिरावण्याचा काळ घटला आणि दोन्ही गटांचे फटके बिघडले. कौशल्य असले म्हणून तो काळ वगळता येत नाही.

पहिल्या फेरीत मी नेमके तेच वगळले होते. चित्रणात माझे डोके वाकता वाकताच हात पुढे निघालेला दिसतो. ब्रेकनंतरच्या एकवीस फटक्यांपैकी सात चुकले, आणि प्रत्येक चुकीने चालणे, थांबणे आणि वाकणे हे सगळे नव्याने करायला लावले.

क्रम ठरवण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पंधरा चेंडूंचे क्रम एक लाख तीस हजार कोटींच्या घरात जातात, पण त्यांतला उत्तम शोधायला कोणाला वेळ आहे? सगळ्यात जवळचा सोपा चेंडू आधी, हा ढोबळ नियम पुरतो. ब्रेकही मी दुसऱ्या फेरीत बेताने मारला. पूर्ण जोराच्या ब्रेकमध्ये पांढरा चेंडू कुठे जाईल याचा भरवसा नसतो आणि तो थांबेपर्यंत घड्याळ चालूच असते. चेंडू बऱ्यापैकी पांगले आणि पांढरा टेबलाच्या मधोमध राहिला की काम होते.

दुसऱ्या फेरीत मी आणखी दोन गोष्टी बदलल्या. पांढरा चेंडू सरपटत असतानाच पुढच्या जागी चालत गेलो, आणि वाकल्यावर लक्ष्याच्या चेंडूवर नजर ठेवून मनात ‘एक’ म्हटल्यावरच हात हलवला. खडू फक्त सुरुवातीला लावला. मध्याच्या आसपास मारणाऱ्याची काठी सहसा निसटत नाही. एकूण ११८ सेकंद लागले, फाउल एकही नाही, फटके सतरा. नेम धरण्यात या वेळी ४१ सेकंद गेले होते, म्हणजे पहिल्या फेरीपेक्षा तीन जास्त, तेही पाच फटके कमी असताना. चेंडूची वाट पाहण्याचे ६१ सेकंद २९ वर आले होते, चालण्याचे ६६ सेकंद ४३ वर.

स्पर्धा जिंकणाऱ्याला ६९ सेकंद लागले. त्याचा शेवटचा फटका माझ्या लक्षात राहिला आहे. मी सवयीने शेवटच्या चेंडूवरही हळुवार स्टॉप शॉट मारला होता आणि तो पॉकेटपर्यंत रांगत जाईपर्यंत घड्याळाकडे पाहत उभा होतो. पण त्या फटक्यानंतर पांढऱ्या चेंडूची वाट पाहायचीच नसते. त्याने तो सगळ्या ताकदीने हाणला. चेंडू पॉकेटच्या मागच्या कडेवर आदळून खाली गेला, पंचांनी घड्याळ थांबवले, आणि पांढरा चेंडू त्यानंतरही तीन कुशनांवर आपटत टेबलभर फिरत होता.