ऑर्लिस्टॅट व कमी स्निग्धांशाचा आहार

वजन उतरवण्यासाठी डॉक्टरांनी ऑर्लिस्टॅट लिहून दिले असता तेल, तूप, लोणी, खोबरे, शेंगदाणे यांचे प्रमाण दर जेवणागणिक मोजून ठेवण्याची आहारपद्धती. बोलण्यात ‘वजनाची गोळी’ म्हणत असले, तरी हे औषध बहुधा कॅप्सूलच्या रूपात मिळते. भूक मारणाऱ्या औषधांशी त्याचे नाते नाही. त्या गटातील सिब्युट्रामिन हृदयविकार व पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून आणि २०११ मध्ये भारतातून मागे घेतले गेले.

ऑर्लिस्टॅट हे लिपस्टॅटिनपासून तयार केलेले संयुग आहे. लिपस्टॅटिन स्ट्रेप्टोमायसीस टॉक्सिट्रिसिनी या मातीतील सूक्ष्मजंतूपासून वेगळे करण्यात आले. शोधाचे वर्ष सामान्यतः १९८७ धरतात, कारण रोश कंपनीच्या संशोधकांनी त्याचे वर्णन त्या सुमारास प्रसिद्ध केले. हायड्रोजन घालून संपृक्त केलेले रूप अधिक स्थिर ठरले व तेच औषध झाले. युरोपात १९९८ मध्ये आणि अमेरिकेत १९९९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ६० मिलिग्रॅमची मात्रा अमेरिकेत २००७ पासून चिठ्ठीविना मिळू लागली. डॉक्टरांच्या चिठ्ठीतली नेहमीची मात्रा १२० मिलिग्रॅमची असते.

आहारातील मेद अखंड स्वरूपात आतड्यात शोषला जात नाही. जठर व स्वादुपिंडातील लायपेज हे पाचकरस आधी त्याचे तुकडे करतात. ऑर्लिस्टॅट या लायपेजच्या क्रियाशील जागेवरील सेरिन या अमिनो आम्लाला चिकटून त्याला निकामी करते. त्यामुळे जेवणातील सुमारे ३०% मेद न पचता शौचावाटे बाहेर पडतो. मात्रा वाढवून हा आकडा फारसा वर जात नाही, म्हणून दिवसाला तीनच कॅप्सूल. औषध रक्तात जवळजवळ जात नाही. साखर व पिष्टालाही हात लावत नाही. श्रीखंडातल्या चक्क्याचा मेद ते थोडाफार अडवील, साखर मात्र सगळीच्या सगळी अंगी लागेल.

ऑर्लिस्टॅट घेणाऱ्यांना सांगितला जाणारा ‘एकूण उष्मांकांच्या ३०% पेक्षा जास्त मेद नको’ हा नियम कुठून आला, याविषयी एकवाक्यता नाही. काहींच्या मते ती आतड्याच्या सहनशक्तीची मर्यादा होय. अधिक पटणारे मत असे की, मूळ चाचण्यांत सहभागी लोकांना असाच थोडा कमी उष्मांकांचा आहार दिला होता आणि तोच आकडा पुढे औषधाच्या माहितीपत्रकात उतरला. तेलकट खाल्ल्यावर होणारी फजिती हाच औषधाचा खरा गुण, ती आठवून माणूस तेलाला हात आखडतो, असेही एक मत आहे. ते पूर्णपणे मान्य करता येत नाही. आहार सारखाच ठेवलेल्या चाचण्यांतही औषध घेणाऱ्यांचे वजन औषध नसलेली नुसती साखरगोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक उतरले होते. फरक मात्र माफक, काही किलोंचाच.

मोजमाप : १५०० उष्मांकांच्या आहारात ३०% म्हणजे ४५० उष्मांक, एका ग्रॅम मेदाचे ९, म्हणून दिवसाला ५० ग्रॅम. ते तीन जेवणांत वाटायचे, म्हणजे जेवणी १६-१७ ग्रॅम. १२०० उष्मांक ठरवून दिले असतील तर जेवणी साधारण १३ ग्रॅम. दिवसभर राखून रात्री एकदम पन्नास ग्रॅम खाल्ले, तर हिशेब जुळतो आणि पोट बिघडते.

चहाचा सपाट चमचाभर तेल म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम. किटलीतून धार धरून केलेल्या फोडणीचा अंदाज बहुतेक चुकतो. चौघांच्या भाजीला चार चमचे तेल घातले की माणशी साडेचार ग्रॅम होतात. घडीच्या पोळीला अर्धा चमचा धरला, तर तीन पोळ्यांचे सात ग्रॅम. फुलक्यांनी ते वाचतात. दही कोणत्या दुधाचे यावरही बरेच अवलंबून असते. फुल क्रीम दुधात किमान ६%, टोन्डमध्ये ३%, डबल टोन्डमध्ये १.५% स्निग्धांश असतो. तीन फुलके, चमचाभर तेलाची भाजी, अर्धा चमचा तूप घातलेला वरणभात आणि वाटीभर डबल टोन्ड दुधाचे दही एवढे जेवण मर्यादेत बसते. घाण्याचे, ऑलिव्हचे किंवा राइस ब्रानचे तेल ‘हलके’ म्हणून जास्त घालण्यात अर्थ नाही. मेदाचे वजन तेच.

फसगत होते ती उपवासाला. एका माणसाच्या साबुदाण्याच्या खिचडीत २५ ग्रॅम दाण्याचे कूट (सुमारे १२ ग्रॅम मेद) आणि तीन चमचे तूप गेले की पंचवीस ग्रॅम ओलांडले जातात. मिसळीची तर्री काढून टाकता येते, फरसाणाचे काय करणार? खारी बिस्किटे तळलेली नसतात म्हणून निर्धास्तपणे खाल्ली जातात; त्यांचे पापुद्रे सुटतात ते थरांत भरलेल्या स्निग्ध पदार्थामुळेच. बोंबलात मुळात मेद कमी, पण रव्यात घोळवून तळला की फायदा गेला. त्याचे कालवण बरे.

कॅप्सूल जेवताना किंवा जेवणानंतर तासाभरात घ्यावी. मुंबईत दुपारचा डबा कचेरीत खाल्ला जातो, तेव्हा एक कॅप्सूल डब्याबरोबर असू द्यावी. जेवण टळले किंवा त्यात मेदच नसला (नुसती फळे, ताडगोळे), तर ती कॅप्सूल सोडून द्यावी. पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. पाचच्या वडापावासाठी चौथी घेण्याचाही उपयोग नाही.

मर्यादा मोडली की तेलकट शौच, अचानक व न आवरणारी घाई, वायूबरोबर तेलाचा थेंब, कपड्यावर नारिंगी डाग हे प्रकार होतात. परिणाम साधारण २४ ते ४८ तासांत दिसतो. म्हणून सकाळच्या गर्दीतल्या त्रासाचा दोष न्याहारीला दिला जातो, खरा दोषी असतो एक-दोन दिवसांपूर्वीचा पावभाजीवरचा लोण्याचा गोळा. लोकलच्या डब्यात स्वच्छतागृह नसते आणि विरार-चर्चगेट प्रवास तासाहून अधिक. पहिली मात्रा सुट्टीला जोडून सुरू करणे शहाणपणाचे. औषध थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत शौच पूर्ववत होते.

मेदाबरोबर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वेही निसटतात. त्यासाठीची बहुजीवनसत्त्वाची गोळी ऑर्लिस्टॅटपासून किमान दोन तास दूर, शक्यतो झोपताना घ्यावी. थायरॉइडची गोळी (लेव्होथायरॉक्सिन) चार तास, तर सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) तीन तास दूर ठेवतात. वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारे औषध) घेणाऱ्यांनी रक्त गोठण्याची चाचणी अधिक वेळा करावी. अपस्माराची औषधे चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. न पचलेला मेद आतड्यातील कॅल्शियम धरून ठेवतो, त्यामुळे मोकळे राहिलेले ऑक्झलेट (अळू-पालकासारख्या भाज्यांतला, मुतखड्याला कारण होणारा घटक) जास्त शोषले जाते. मूत्रपिंडाचा विकार किंवा मुतखडा असलेल्यांनी अळू-पालकाबद्दल विचारून घ्यावे. यकृताला गंभीर इजा झाल्याच्या विरळ नोंदी असून, अमेरिकेत २०१० मध्ये तशी सूचना वेष्टनावर आली. डोळे पिवळे होणे, गडद लघवी, अंगाला खाज ही लक्षणे दिसताच औषध बंद करून डॉक्टरांना गाठावे. गरोदरपणी, पित्तप्रवाह अडल्यास किंवा अपशोषणाच्या (अन्न नीट शोषले न जाण्याच्या) जुनाट विकारात ते देत नाहीत. बारा आठवड्यांत मूळ वजनाच्या ५% तरी घट झाली नाही, तर औषध थांबवण्याचा प्रघात आहे.