स्पंज ही समुद्रातली वनस्पती नव्हे

‘आंघोळीचा स्पंज म्हणजे समुद्रात उगवणारी वनस्पती’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिकच आहे. वांद्र्याच्या बँडस्टँडला ओहोटीच्या वेळी खडकांच्या कपारीत डोकावलं, तर स्पंजाचा केशरी थर शेवाळासारखाच चिकटलेला दिसतो. जागचा हलत नाही. त्यात घरोघरी अंग घासायला घोसाळ्याची जाळी, आणि ती मात्र खरोखरच वनस्पती!

पण जिवंत स्पंजाशेजारी रंगीत पाण्याचा थेंब सोडून बघा. बारीक छिद्रांतून तो आत ओढला जातो आणि मोठ्या तोंडातून बाहेर फेकला जातो. त्या पाण्यातले जिवाणू गाळून स्पंज पोट भरतो. म्हणूनच १९व्या शतकात प्राण्यांमध्ये त्याचा वेगळा संघ झाला: पोरिफेरा, म्हणजे अंगावर छिद्रं बाळगणारे.

जात ओळखताना रंग-आकार फसवतात. लाटांच्या माऱ्यात तीच जात चपटी वाढते. म्हणून तुकडा ब्लीचमध्ये विरघळवून उरलेले सूक्ष्म काटे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ते चुन्याचे की सिलिकाचे, त्यावर पुढचं वर्गीकरण.

घरी तपासायचंय? नैसर्गिक स्पंजाचा धागा जाळा. जळक्या केसांचा वास येईल, कारण तो प्रथिनाचा. घोसाळ्याला जळक्या कागदाचा येतो. भांड्यांचा पिवळा स्पंज जाळू नका, तो प्लास्टिकचा.