लॅर्दाल्सॉय्री

लॅर्दाल्सॉय्री : पश्चिम नॉर्वेतील हजार-अकराशे वस्तीचे गाव. सोग्नेफ्योर्ड ही समुद्राची चिंचोळी खाडी डोंगरांत २०० किमी.हून अधिक आत शिरते. तिच्या आतल्या एका फाट्याच्या टोकाशी, लॅर्दाल नदीच्या मुखावर ते वसले आहे. नदीमुखाशी साठलेल्या गाळवटीला नॉर्वेजियनमध्ये ‘ऑय्री’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले.

गाव वाढले ते वाटेमुळे. पश्चिम किनाऱ्यावरचा माल होड्यांनी इथवर येई आणि पुढे फिलेफ्येल डोंगर ओलांडून पूर्वेकडे जाई. १७९०च्या दशकात त्या डोंगरावरून गाड्या जाऊ शकतील असा ‘राजरस्ता’ तयार झाला. व्यापारी, कारागीर आणि खानावळवाले यांनी बांधलेली अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील लाकडी घरे जुन्या वस्तीत आजही उभी आहेत. अशी सुमारे १६० घरे संरक्षित असून बहुतेकांत माणसे राहतात, म्हणून ही गल्ली संग्रहालयासारखी निर्जीव वाटत नाही.

डोंगरांच्या पर्जन्यछायेमुळे इथे वर्षाला जेमतेम ५०० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो. किनाऱ्यावरच्या बर्गनला २,००० मिमी.हून अधिक. हा कोरडेपणा लाकडी गावाच्या जिवावर बेतू शकतो. १८ जानेवारी २०१४च्या रात्री लागलेली आग दरीतल्या सोसाट्याच्या वाऱ्याने पसरली आणि सुमारे ४० इमारती जळाल्या. प्राणहानी झाली नाही, आणि जुन्या वस्तीचा बहुतेक भाग वाचला. आज तिथून चालताना हे माहीत असले की प्रत्येक दार थांबून पाहावेसे वाटते.

शेजारच्या औरलान गावाहून येणारा रस्ता २००० साली खुल्या झालेल्या २४.५ किमी. लांबीच्या बोगद्यातून येतो. वाहनांसाठीचा हा जगातील सर्वांत लांब बोगदा. नदी सॅमन माशांसाठी प्रसिद्ध आहे.

गावापासून सुमारे ३० किमी.वरचे बोर्गुनचे लाकडी चर्च मात्र चुकवू नये. ११८०च्या सुमारास बांधलेल्या या चर्चचे खांब जमिनीत न पुरता दगडी पायावरच्या तुळयांवर उभे केले आहेत. त्यामुळे, आणि पाइनच्या डांबराचे थर वेळोवेळी चढवत राहिल्यामुळे, लाकूड कुजले नाही. एकावर एक चढलेल्या छपरांच्या टोकांना ड्रॅगनची मस्तके आहेत. आत प्रवेश उन्हाळी हंगामातच मिळतो. शेजारून राजरस्त्याचा विंधेला हा जुना चढ जातो. तो पायीच चढावा. चर्चच्या भिंतीवर तूरिर नावाच्या एका वाटसरूने रून या उत्तर युरोपातील प्राचीन लिपीत कोरून ठेवले आहे, की नॉर्वेचा राजा व संत ओलाफ याच्या सणाच्या संध्याकाळी आपण इथून गेलो आणि दैवाने आपल्या वाट्याला फार कष्ट दिले.